लढत पाच मिनिटांची, तालीम वर्षांची: गोकूच्या गेम्समध्ये गोष्ट कशी आली, गेली आणि परत आली

(पॉडकास्टच्या या भागाचं हे लिखित रूप. बोलताना जसं बोललो, तसंच बरंचसं ठेवलं आहे.)

आज विषय गेमचा आहे, पण गाडी आधी चिखलदऱ्याला नेऊ.

तिथला कीचकदरा तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी पाहिला असेल. निदान पावसाळ्यात फोटो काढायला तरी गेला असाल. आपल्याकडे सांगतात की भीमानं कीचकाला मारलं ते इथंच, आणि कीचकदरा या नावाचंच बोलता बोलता चिखलदरा झालं. जवळच वैराट आहे. तीच विराट राजाची नगरी, असं लोक मानतात.

आता ही लढाई नुसती लढाई म्हणून सांगा बरं. दोन धिप्पाड माणसं, रात्रीची वेळ, रिकामी नृत्यशाळा, ठोसे, पकड, खेळ खल्लास. एका रीलमध्ये बसते. पण घरातलं जुनं माणूस ही गोष्ट सांगतं तेव्हा ठोशापर्यंत यायला अर्धी रात्र जाते. आधी वनवास. मग अज्ञातवास. ज्याच्या गदेला जग घाबरतं तो भीम विराटाच्या घरी बल्लव नावानं स्वयंपाक करून राहिला. द्रौपदी सैरंध्री होऊन राणीची वेणीफणी करते. कीचक तिचा भर सभेत अपमान करतो आणि भीम समोर असून हात उचलत नाही, कारण ओळख पटली तर पुन्हा बारा वर्षं वनवास. एवढं सगळं ऐकल्यावर जो ठोसा पडतो ना, तो ऐकणाऱ्यालाही लागतो.

आजच्या भागात मला एवढंच सांगायचं आहे. ॲनिमेवर फायटिंग गेम करणारे लोक जवळपास ४० वर्षं याच प्रश्नाशी झुंजत आहेत. ठोसा दाखवणं सोपं आहे. ठोशामागची वर्षं खेळणाऱ्याच्या हातात कशी द्यायची? याचा इतिहास आपण एकाच मालिकेच्या गेम्समधून पाहू. ती म्हणजे ड्रॅगन बॉल. आणि शेवटी तुमच्या खिशातल्या फोनपर्यंत येऊ, कारण खरी गडबड तिथं आहे.

एकच हात, दोन खेळ

आधी दोन शब्द साफ करू. फायटिंग गेम म्हणजे समोरासमोर दोन लढवय्ये, वर दोघांच्या ताकदीच्या पट्ट्या, ज्याची पट्टी आधी संपली तो हरला. रोल-प्लेइंग गेम, म्हणजे आरपीजी, यात तुम्ही एका पात्राचं आयुष्य चालवता. तो फिरतो, लोकांशी बोलतो, छोट्या लढाया लढतो, त्यातून एक्सपी मिळतो, लेव्हल वाढते. एक्सपी म्हणजे काय, तर अनुभव. शब्द साधा आहे, पण पुढं कामाचा आहे, लक्षात ठेवा.

आता गंमत पहा. अकिरा तोरियामा यांनी १९८४ साली 'शोनेन जंप' या जपानी साप्ताहिकात ड्रॅगन बॉल ही चित्रकथा सुरू केली. ती १९९५ पर्यंत चालली, आणि पुस्तकरूपात तिचे ४२ खंड झाले. ती ऐन भरात असताना या साप्ताहिकाचा एकेक अंक ६५ लाखांवर खपत होता. आणि याच तोरियामांनी १९८६ साली दुसरं एक काम केलं. युजी होरी नावाच्या माणसानं ड्रॅगन क्वेस्ट नावाची गेम बनवली, तिची पात्रं आणि राक्षस तोरियामांनी काढले. जपानमध्ये घराघरात आरपीजी पोचली ती याच गेममुळे.

म्हणजे जगातली सगळ्यांत गाजलेली ॲनिमे-मारामारी आणि जपानची सगळ्यांत लाडकी आरपीजी, दोन्हींची चित्रं एकाच माणसाच्या हातची. त्यामुळे ड्रॅगन बॉलच्या गोष्टीतच आरपीजी दडलेली आहे, याचं नवल वाटायला नको. कामे-सेन्नीन, म्हणजे तो म्हातारा कासवबाबा, गोकू आणि क्रिलिनला लढाई शिकवतो कशी? पहाटे उठून दूध वाटायला लावतो. हातानं शेत उकरायला लावतो. पाठीवर २० किलोचं कासवाचं कवच, ते अंगवळणी पडलं की ४० किलोचं. पुढं गोकू दहापट गुरुत्वाकर्षणात सराव करतो, मग शंभरपट. शत्रूंच्या डोळ्यावर स्काउटर नावाचं यंत्र असतं, ते समोरच्याची ताकद चक्क आकड्यात सांगतं.

अकोल्याच्या लोकांना हे वेगळं समजावून सांगायची गरज नाही. श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी राजराजेश्वराला जल चढवायला जी कावड निघते, ती गांधीग्रामच्या पूर्णा नदीवरून पाणी घेऊन पंधरा किलोमीटरांहून जास्त वाट तुडवत येते. ते वजन एका रात्रीत खांद्यावर पेलत नाही, भाऊ. खांदा आधी तयार करावा लागतो. कासवाचं कवच म्हणजे तेच.

आधी पत्ते, मग ठोसे

आता तुम्हाला वाटेल, पहिल्या ड्रॅगन बॉल गेम्स मारामारीच्या असतील आणि आरपीजी नंतर आली असेल. उलटं आहे!

१९८० च्या दशकात जपानी घरांत निन्टेंडोचं फॅमिकॉम नावाचं मशीन होतं. त्याची कुवत इतकी कमी की आकाशात उडत हजार ठोसे मारणारा गोकू त्यावर दाखवणं अवघडच. म्हणून बनवणाऱ्यांनी डोकं चालवलं. १९८८ च्या 'दायमाओ फुक्कात्सु' आणि १९९० च्या 'क्योशू! सायाजिन' या गेम्समध्ये लढाई पत्त्यांवर चालते. पत्त्यावर एक आकडा हल्ल्याचा, एक बचावाचा. पत्ता निवडायचा आणि ठोसा पडताना पाहायचा. बाकी वेळ नकाशावर फिरायचं, सराव करायचा, ताकद वाढवायची.

म्हणजे मशीन गरीब होतं म्हणून गोष्ट श्रीमंत झाली. बोटांची चपळाई तिथं कामाची नव्हती. सायाजिन येणार आहेत, आपल्याकडे वेळ थोडा आहे, तोवर कोणाला किती तयार करायचं, हा खरा खेळ होता. मूळ कथेतला ताणही तोच आहे.

मग १९९१ साल उजाडलं. कॅपकॉम कंपनीची स्ट्रीट फायटर २ आली आणि जगभरच्या गेम पार्लरचं रूपच बदललं. शेजारी उभ्या असलेल्या अनोळखी माणसाला हरवायची नशा लोकांना लागली. प्रत्येक कंपनीला आता फायटिंग गेम पाहिजे होती, आणि १९९३ साली सुपर फॅमिकॉमवर ड्रॅगन बॉल झेडची सुपर बुतोदेन आली.

तिचं श्रेय तिला द्यायलाच पाहिजे. दोघं लढवय्ये एकमेकांपासून लांब उडाले की पडदा मधोमध दुभंगायचा, म्हणजे दोघंही दिसत राहायचे. गोकूनं कामेहामेहा सोडला की समोरच्याला तो अडवायची संधी मिळायची. पहिल्यांदाच वाटलं की टीव्हीवरची लढाई आपल्या बोटांत आली.

पण एक गोष्ट हातातून सुटली. यात स्टोरी मोड होता, पण तो म्हणजे एकामागून एक ठरलेल्या लढती आणि मधे चार ओळींचे संवाद. पहिल्या लढतीतला आणि शेवटच्या लढतीतला गोकू यांच्यात खेळणाऱ्यानं काहीच घडवलेलं नसायचं. तालीम गेली, दंगल राहिली.

अमरावतीचा आखाडा काय सांगतो

इथं जरा थांबू आणि घरी येऊ. तालीम आणि दंगल यांचं नातं काय, हे समजून घ्यायला आपल्याला जपानला जायची गरजच नाही. मल्लखांबाची एक आख्यायिका आहे. दुसऱ्या बाजीराव पेशव्यांच्या काळात अली आणि गुलाब नावाचे दोन पहिलवान निजामाच्या मुलुखातून पुण्याला आले आणि त्यांनी दरबाराला आव्हान दिलं. कोणी पुढं येईना. तेव्हा बाळंभटदादा देवधर नावाच्या तरुणानं आव्हान घेतलं, पण मुदत मागून घेतली. तो सप्तशृंगीच्या गडावर गेला. तिथं मारुतीनं दृष्टांत देऊन त्याला लाकडी खांबावरची विद्या शिकवली, असं सांगतात. परत येऊन त्यानं अलीला चीत केलं, आणि गुलाब लढायलाच उतरला नाही.

ऐकून काय आठवलं? हा सरळ ॲनिमेचा ट्रेनिंग आर्क आहे, बाप्पा! आव्हान, माघार, डोंगर, गुरू, नवी विद्या, आणि मग लढत. आणि या गोष्टीतून मागं काय उरलं? अलीची कुस्ती एका दिवसात संपली. मल्लखांब मात्र आजही खेळला जातो. लढतीपेक्षा तालीम जास्त टिकली.

हीच गोष्ट अमरावतीत मोठ्या प्रमाणावर घडली. १९१४ साली अंबादासपंत वैद्य आणि अनंत वैद्य या बंधूंनी तिथं आखाडा सुरू केला. त्याचंच पुढं श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ झालं, ज्याला आपण सगळे एचव्हीपीएम म्हणतो. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी या मंडळाचा चमू जर्मनीला गेला आणि कबड्डीसह आपल्या खेळांची प्रात्यक्षिकं त्यानं तिथं करून दाखवली. विचार करा, त्या काळी अमरावतीहून बर्लिन! ते तिथं कोणाला हरवायला गेले नव्हते. त्यांनी जगापुढं ठेवली ती तालीम. आणि पुढं याच मंडळाच्या छताखाली शारीरिक शिक्षणाचं पदवी महाविद्यालय उभं राहिलं. म्हणजे आखाड्यातली शिकवण वर्गांत आणि टप्प्यांत बसवता येते, हे आपल्या गावानं करून दाखवलं आहे. गेमवाल्यांच्या भाषेत याला प्रोग्रेशन सिस्टम म्हणतात.

तालीम परत येते

आता पुन्हा गेमकडे. २००२ साली प्लेस्टेशन २ वर डिम्प्स कंपनीनं बुडोकाई ही गेम आणली. वरून पाहिलं तर ही पण मारामारीच. पण आत एक नवी गोष्ट होती, कॅप्सूल. गोकूला कामेहामेहा आपोआप येत नाही. त्या विद्येची कॅप्सूल मिळवायची आणि त्याच्या ठरावीक खान्यांत बसवायची. खाने मोजकेच, म्हणून निवड करावी लागायची. झेनी नावाच्या खेळातल्याच पैशांवर मिस्टर पोपोच्या दुकानातून कॅप्सूल विकत घेता यायच्या. दोन मित्रांचे दोन गोकू आता एकसारखे राहिले नाहीत.

२००४ च्या बुडोकाई ३ मध्ये आणखी एक पाऊल पडलं. ड्रॅगन युनिव्हर्स नावाच्या भागात तुम्ही एक पात्र निवडता, पृथ्वीच्या नकाशावर उडता, ड्रॅगन बॉल शोधता, लढता, लेव्हल वाढवता. वाढलेले गुण हल्ल्यात घालायचे, बचावात घालायचे की शक्तीत, ते तुम्ही ठरवता. १९९० ची पत्त्यांची गेम आणि १९९३ ची ठोशांची गेम, दोघींची इथं गाठ पडली.

आपल्याकडे मात्र यातला अर्धाच खेळ लोकांपर्यंत पोचला, आणि त्याचं कारण गेममध्ये नाही, गेम पार्लरमध्ये आहे. त्या काळात ज्या पोट्ट्यांनी प्लेस्टेशन पाहिलं, त्यातल्या कित्येकांनी ते तासाच्या भाड्यानं पाहिलं. मशीन दुकानदाराचं, तास संपला की उठा. उद्या येऊन तीच लेव्हल पुढं चालवायची म्हटलं तर आपला सेव्ह राहीलच याचा भरवसा काय? शिवाय शेजारी मित्र बसलेला, त्यानंही पैसे भरलेले. मग काय करणार? दोघं समोरासमोर लढणार. आरपीजीला लागतो स्वतःचा निवांत वेळ आणि स्वतःचं मशीन. ज्याच्याकडे दोन्ही नाहीत, त्याच्या वाट्याला फक्त दंगल येते. म्हणून आपल्याकडच्या एका अख्ख्या पिढीला या गेम्स नुसती फायटिंग म्हणूनच आठवतात. पुढं फोन आला आणि पहिल्यांदा मशीन आपलं झालं. हा धागा धरून ठेवा.

लेव्हल आणि न्याय

इथं एक अडचण उभी राहते, आणि ती खरी आहे. समजा तुमच्या गोकूची लेव्हल ९० आणि माझ्याची १०. आपली लढत लावली तर काय होईल? तुमचं बोट चुकलं तरी तुम्ही जिंकाल. मग फायटिंग गेमचा जीव असलेली गोष्ट, म्हणजे बरोबरीची लढत, तीच मेली.

आपल्या दंगलीत हा प्रश्न केव्हाचा सुटला आहे. पंच जोड पाहूनच कुस्ती लावतात. पोऱ्यासमोर वस्ताद उभा करत नाहीत. कल्याणीच्या चालुक्यांचा राजा सोमेश्वर तिसरा याच्या नावावरचा 'मानसोल्लास' हा बाराव्या शतकातला संस्कृत ग्रंथ आहे. त्यात मल्लविद्येवर वेगळं प्रकरण आहे. वय, अंगाची ठेवण आणि ताकद पाहून मल्लांचे वर्ग केले आहेत, आणि त्यांनी खावं काय तेही सांगितलं आहे. म्हणजे क्लास, स्टॅट्स आणि डाएट, तिन्ही गोष्टी साधारण नऊशे वर्षांपूर्वीच्या!

गेमवाल्यांनी यातून दोन वाटा काढल्या. पहिली वाट २०१८ च्या ड्रॅगन बॉल फायटरझेडची. आर्क सिस्टम वर्क्सनं बनवलेली ही तीन विरुद्ध तीन लढवय्यांची गेम. स्टोरी मोडमध्ये लेव्हल आहेत, पण खऱ्या खेळाडूशी लढताना त्यांचा काही उपयोग नाही. तिथं सगळे सारखे. त्याच वर्षी लास वेगासच्या इव्हो स्पर्धेत सगळ्यांत जास्त खेळाडू याच गेमला उतरले, आणि सॉनिकफॉक्सनं ती जिंकली. इथं तालीम पडद्यामागं आहे. ती खेळणाऱ्याच्या बोटांत होते. शंभर तास सराव केलेलं बोट हीच लेव्हल.

दुसरी वाट २०१५ च्या झेनोव्हर्सची. इथं तुम्ही गोकू नाहीच. तुम्ही स्वतःचं पात्र बनवता: पृथ्वीवासी, सायाजिन, नामेकवासी, माजिन किंवा फ्रीझाच्या वंशातला. कोणीतरी इतिहासात ढवळाढवळ करतं, आणि गाजलेल्या लढायांमध्ये शिरून तुम्हाला तो सावरायचा असतो. त्याच लढवय्यांना गुरू करून त्यांच्या विद्या शिकायच्या. गुण कुठं घालायचे ते तुमच्या हातात.

मला ही कल्पना फार मोठी वाटते. आधीच्या गेम्स तुम्हाला विचारायच्या, गोकू होशील का? ही विचारते, गोकूच्या जगात तू कोण होशील? कीर्तनात रामाची गोष्ट ऐकणं वेगळं आणि गावच्या रामलीलेत वानरसेनेत का होईना, पण स्वतः उभं राहणं वेगळं. दुसऱ्यात तुम्ही त्या गोष्टीचे होता.

भीमाचा स्वयंपाक, गोकूची मासेमारी

जानेवारी २०२० मध्ये सायबरकनेक्ट२ या कंपनीची ड्रॅगन बॉल झेड काकारोट आली. ही उघडपणे आरपीजी. यात तुम्ही गोकू म्हणून फिरता, मासे पकडता, तेही शेपूट गळ म्हणून वापरून. शिकार करता, आणि बायको चिची जेवण करून देते. तिच्या हातचं जेवून गोकूची ताकद कायमची वाढते.

काही लोक हसले. म्हणाले, पृथ्वी वाचवायची सोडून हा काय मासे पकडून राहिला? पण याच जागी भीम आठवा. तो विराटाच्या स्वयंपाकघरात होता म्हणून कीचकाची गोष्ट उभी राहिली. गोकू कोणासाठी लढतो, हे घरच्या जेवणातून जितकं कळतं तितकं शंभर ठोशांतून कळत नाही. मुलासोबत मासे पकडले असतील, तर पुढं त्या मुलासाठी बाप मरतो तो प्रसंग आतून हलवतो.

आता दुसरी बाजूही सांगतो. काकारोटमध्ये गोष्ट जिंकली, पण लढाई पातळ झाली. बटणं सोपी आहेत, आणि लेव्हल पुढं असली तर डावपेच न लावताही निभावतं. म्हणजे लोलक पार दुसऱ्या टोकाला गेला. १९९३ ला दंगल होती, तालीम नव्हती. २०२० ला तालीम भरपूर, पण दंगलीत घाम फुटत नाही. चांगली गेम ती, जिच्यात तालमीत शिकलेला डाव दंगलीत लागतो. हा मेळ पूर्ण जमलेली गेम मला तरी अजून दिसलेली नाही. बनवणाऱ्यांसाठी जागा रिकामी आहे, एवढं लक्षात ठेवा.

आता खिशातला आखाडा

आता फोन काढा. मघाशी म्हटलं ना, मशीन पहिल्यांदा आपलं झालं. तास संपायची भीती नाही, सेव्ह पुसायची भीती नाही. आरपीजीला जे लागत होतं, ते सगळं हातात आलं. मग तालीम आली का?

२०१५ साली डोक्कान बॅटल आली, २०१८ साली ड्रॅगन बॉल लेजंड्स. दोन्ही फोनवरच्या. लेव्हल आहेत, एक्सपी आहे, पात्रांची भली मोठी यादी आहे. कागदावर पाहिलं तर आरपीजीची सगळी हाडं जागेवर. पण नवं, दमदार पात्र मिळवायचा मुख्य रस्ता म्हणजे गाचा.

गाचा म्हणजे काय? जपानमध्ये दुकानाबाहेर खेळण्यांची मशीनं असतात. नाणं टाका, मूठ फिरवा, प्लॅस्टिकच्या गोळ्यात एक खेळणं पडतं. कोणतं, ते आपल्या हातात नाही. आपल्या जत्रेतल्या सोडतीसारखंच. फोनमध्ये नाण्याच्या जागी खेळातले दगड, आणि दगड संपले की खरे पैसे.

इथं थोडं गणित करू, कारण पैसे जातात ते याच जागी. समजा पाहिजे ते पात्र मिळायची शक्यता १ टक्का आहे. लोकांना वाटतं, शंभर वेळा ओढलं की मिळणारच. नाही, दादा! शंभर वेळा ओढूनही दर शंभरांतल्या ३६-३७ जणांच्या हातात ते आलेलं नसतं. मागच्या वेळी नाही मिळालं म्हणून पुढच्या वेळी शक्यता वाढते, असंही नाही. गेमनं तसा वेगळा नियम ठेवला असेल तरच.

जगात यावर विचार झाला आहे. २०१२ साली जपानच्या ग्राहक खात्यानं 'पूर्ण संच गाचा' हा प्रकार बेकायदा ठरवला. सोडतीतून मिळणारी ठरावीक पात्रं सगळी जमवली तरच मोठं बक्षीस, असा तो प्रकार होता. २०१८ साली बेल्जियमनं पैसे भरून उघडायच्या अशा पेट्यांना जुगारात धरलं. ॲपल आणि गूगलनं आपापल्या स्टोअरसाठी नियम केला की अशा सोडतीतल्या शक्यता खेळणाऱ्याला दाखवाव्या लागतील. म्हणजे तो तक्ता तुमच्या गेममध्ये कुठंतरी असतो. बहुतेकदा बारीक अक्षरात, पण असतो. दगड खर्च करायच्या आधी तो उघडा.

पण मला कायद्यापेक्षा दुसरीच गोष्ट जास्त टोचते. आपण सुरुवातीला पाहिलं की एक्सपी म्हणजे अनुभव. गोकूची पूर्ण गोष्ट एका वाक्यावर उभी आहे: जन्मानं कमी मानलेला पोरगा मेहनतीनं सगळ्यांच्या पुढं जातो. व्हेजिटा राजघराण्यातला, गोकू खालच्या दर्जाचा सैनिक म्हणून हिणवलेला. आणि त्याच गोकूला आपण सोडतीत जिंकतो, पैसे भरून लेव्हल चढवतो, आणि म्हणतो की माझा गोकू तगडा आहे. कासवाचं कवच पाठीवर न घेता भाड्यानं दुसऱ्याच्या पाठीवर दिल्यासारखं झालं हे. चाळीस वर्षांत गेम बनवणाऱ्यांनी जी तालीम मुश्किलीनं परत आणली, तीच आता रुपयाच्या भावानं विकली जात आहे.

याचा अर्थ फोनवर खेळू नका असा नाही. त्या गेम्समध्येही एक पैसा न भरता डोकं लावून संघ बांधणारे खेळाडू आहेत, आणि ती अस्सल तालीमच आहे. फक्त कोणतीही गेम हातात घेतली की स्वतःला तीन प्रश्न विचारा.

एक: महिन्याभरानं मी काही नवं शिकलेलो असेन, की फक्त माझ्या पात्राचा आकडा वाढलेला असेल?

दोन: हरलो तर कारण माझी चूक असते, की समोरच्याचं पाकीट?

तीन: या पात्राची गोष्ट मला कोणाला सांगावीशी वाटते का?

तिन्हींची उत्तरं चांगली आली तर खुशाल खेळा. नाही आली, तर तुमचा वेळ आणि तुमच्या बापाचे पैसे दोन्ही दंगलीबाहेरच्या पाकीटमाराच्या हातात चालले आहेत.

आपली गेम कुठं आहे?

जाता जाता एक गोष्ट. २०२० साली पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सनं 'राजी' नावाची गेम बनवली. राजी नावाची मुलगी आपल्या हरवलेल्या भावाला शोधायला निघते आणि देवदेवतांकडून शस्त्रं मिळवत राक्षसांशी लढते. ही ॲनिमेवरची फायटिंग गेम नाही, पण आपली लढाई आपल्या गोष्टीत बसवता येते, हे तिनं दाखवून दिलं. आणि ती महाराष्ट्रातच बनली.

आता वऱ्हाडाकडे पहा. आपल्याकडे कीचकदरा आहे, कावडीचा खांदा आहे, शंभर वर्षांहून जुना आखाडा आहे. बल्लव आचाऱ्याची गेम कोणी बनवली तर काय होईल? दिवसा विराटाच्या स्वयंपाकघरात मोठमोठे हंडे उचलायचे, मल्ल आले की त्यांच्याशी कुस्ती खेळायची, पण सगळी ताकद दाखवायची नाही, कारण ओळख लपवायची आहे. महाभारतात खरंच भीम तिथं जीमूत नावाच्या मल्लाला हरवतो. प्रत्येक जिंकलेल्या लढतीसोबत ओळखले जायचा धोका वाढत जाईल. अशी आरपीजी, जिच्यात ताकद वाढवण्याइतकंच ती आवरायला शिकावं लागतं. आणि मग ती एक रात्र, ती नृत्यशाळा, जिथं तुम्ही पहिल्यांदा पूर्ण ताकदीनं बटण दाबता.

आज गावोगाव कोडिंग शिकणारे पोट्टे आहेत, चित्रं काढणाऱ्या पोट्ट्या आहेत. अमरावतीत असाल, अकोल्यात असाल, सुरुवात छोट्यानं करा. एक पात्र, एक गुरू, एक डाव, एक लढत. ग्राफिक्स साधे असले तरी चालेल. १९९० मध्ये तर नुसत्या पत्त्यांवर सायाजिन पृथ्वीवर उतरले होते!

तुम्ही असं काही बनवत असाल तर आम्हाला जरूर कळवा. आणि हा भाग त्या मित्राला पाठवा, जो आत्ता या क्षणी दगड विकत घ्यायच्या बटणावर अंगठा ठेवून बसला आहे.

भेटू पुढच्या भागात. राम राम!